आगटीवरचं ‘अहो’

समस्त ग्रामस्थ, पाहुणे मंडळी आणि लांबून आलेल्या माहेरवाशिणींना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आमच्या धाकट्या दिरांच्या वावरातली ज्वारी हुरड्याला आलेली आहे. दाणा हिरवागार, मऊ आणि गोड आहे. सबब, मंदाताई माइकवाल्या यांना दरवर्षीप्रमाणे भीती वाटायला सुरुवात झालेली असून ती संक्रांतीपर्यंत चालू राहील. इतर कुणीही घाबरून जाऊ नये. घाबरण्याचं सगळं काम मंदाताईंनी एकटीच्या अंगावर घेतलेलं आहे. चहा मंडपाच्या मागच्या बाजूला आहे. सूचना संपली.

हसलात ना? हसा. तुम्ही हसावं म्हणूनच तर आमची चूल पेटते. राहुरीच्या पंचक्रोशीत कुणाचं लग्न असू दे, बारसं असू दे, नवरात्रातले बायकांचे खेळ असू देत, माइक माझ्या हातात. ‘नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं, नवरदेवाच्या मित्रांनी नाचणं आवरतं घ्यावं, वरबापांनी मंडपवाल्याशी चाललेलं भांडण जेवणानंतर पुढं चालू करावं’ असं मी म्हटलं, की माणसं उठतात, बसतात, गप्प होतात. मला घाबरणारे वरबाप मी पाहिलेत. पण हुरड्याचे दिवस आले, दिवस कलताना रानारानांतून गोवऱ्यांचा निळा धूर वर चढायला लागला, की मी मागं वळूनवळून बघायला लागते. वाटतं, आता कुणीतरी आपल्याला ‘अहो’ म्हणणार.

काल वावरात गेले तर बांधाला बुजगावणं उभं. अंगात जुना सदरा, मानेवर मडकं, मडक्याला चुन्याचे डोळे. मी चटकन पदर सारखा केला, तोंडावर हसू आणलं आणि मोठ्यानं म्हणाले, “वा! काय सुंदर हवा आहे!”

मागून माझी धाकटी जाऊ येत होती. “अक्का, कुनाशी बोलताय?”

तिला काय सांगणार? मुळा धरणाच्या फुगवट्यालगत, अशाच एका हुरड्याच्या हंगामात, मी ज्या वस्तीवर राहिले तिथं बुजगावण्याच्या मडक्यात कॅमेरा बसवलेला होता. पाखरं त्याच्या खांद्यावर बसून निवांत दाणे टिपायची. त्याला घाबरायची ती फक्त माणसं.

टीव्हीवरचा तो कार्यक्रम तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. नाव घेत नाही. नाव न घेण्याचं कबूल करून बसलेय, आणि मी काही उखाणा घेत नाहीये. शहरातली आणि गावाकडची माणसं गोळा करायची, शेतावरच्या एका वस्तीत ठेवायची, मोबाईल काढून घ्यायचे, दिवसभर शेण काढायला नि पाखरं हाकायला लावायची, आणि दर आठवड्याला सगळ्यांनी मिळून आपल्यातल्याच एकाला घरी पाठवायचं. शेवटी उरेल तो जिंकला. मला विचारायला आलेल्या मुलीला मी म्हटलं, “एवढंच ना? ही तर एकत्र कुटुंबपद्धती झाली.” ती एवढी हसली, की माझी निवड तिथंच पक्की झाली.

निवड झाल्याचं गावाला कळायला वेळ लागला नाही. एसटी स्टँडसमोर माझं फ्लेक्स लागलं. मी हात जोडून उभी, मागं सूर्य उगवतोय, आणि खाली शुभेच्छुक म्हणून इवल्याइवल्या चेहऱ्यांची रांग. त्या रांगेत अगदी कोपऱ्यात आमचे हे. ह्यांचं विहिरीवरच्या मोटारींचं वायंडिंग भरून देण्याचं दुकान आहे. जळालेल्या मोटारीकडं बघतात तशाच चेहऱ्यानं ते फ्लेक्सवरही बघत होते.

“अहो,” मी विचारलं, “हे उतरवणार कधी?”

“तू आल्यावर.”

“आणि पहिल्याच आठवड्यात आले तर?”

“मग तूच उतरव,” हे म्हणाले.

झालं. तिथून भीतीला सुरुवात. डोळ्यांपुढं एकच चित्र यायला लागलं: मी पडलेल्या तोंडानं एसटीतून उतरतेय, आणि समोर मीच हात जोडून माझं स्वागत करतेय.

पण फ्लेक्सची भीती ही वरवरची. खरी भीती वेगळी होती. मला जिंकायचं नव्हतं, शपथेवर सांगते. मला फक्त उठवलं जायचं नव्हतं. मी पंगती बसवणारी बाई. भरल्या पंगतीतून एखाद्याला उठवलेलं मी पाहिलंय. कधी मानपानावरून, कधी जुन्या भांडणावरून. उठवलेला माणूस आधी हसतो. मग पानाकडं बघतो. मग चप्पल शोधायला लागतो आणि चप्पल काही केल्या सापडत नाही. सगळा मंडप त्या चप्पल शोधण्याकडं बघत असतो. असं कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून मी माइकवरून किती वेळा उगाच गाणी लावायला सांगितलीत. तीच पाळी आपल्यावर, आणि तीही सगळ्या महाराष्ट्रासमोर येणार, या विचारानं माझी झोप उडायची.

त्या वस्तीवर थंडी फार. फुगवट्यावरून येणारा वारा घोंगडीच्या विणीतून आत शिरायचा. सभोवार पुरुषभर उंचीची ज्वारी. ज्वारीत वारा घुसला की कसा आवाज होतो, ठाऊक आहे ना? कुणीतरी कुणाच्या तरी कानात काहीतरी सांगतंय, ऐकणारा दुसऱ्याला सांगतोय, दुसरा तिसऱ्याला. जन्मापासून ऐकत आलेय मी तो आवाज. अंगाईसारखा वाटायचा. आता तो ऐकला की पहिला विचार मनात येतो, माझ्याबद्दल काय बोलत असतील?

संध्याकाळी आगटी पेटायची. ज्यांनी आगटी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. जमिनीत एक छोटा खड्डा करायचा, त्यात गोवऱ्या पेटवायच्या, त्यांचा लालभडक आर झाला की कोवळी कणसं त्यात खुपसायची. चर्रर्र होतं, हिरवट गोड वास सुटतो. मग एकानं ती गरम कणसं तळहातांत धरून चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि वाफाळलेले दाणे भोवतीच्या माणसांना वाटायचे. सोबत लसणाची चटणी, गूळ, दही. चोळणाऱ्याचे तळहात काळे होतात, भाजतात, आणि तो खातो सगळ्यांच्या शेवटी. ही रीत आहे. कणीस चोळताचोळता स्वतःच्याच तोंडात बकाणा भरणाऱ्या माणसाला आमच्याकडं कुणी पोरगी देत नाही.

पहिल्या संध्याकाळी चोळायला अर्थातच मी बसले. बाकी कुणाला जमतच नव्हतं. शेजारी सानिका. ही मुंबईची, मालिकांमधली नटी, माझ्या भाचीच्या वयाची. केस वाळवायचं यंत्र घेऊन आली होती आणि वस्तीवर ते लावायला जागाच नव्हती. ती जिथं बसेल तिथं बाकीचे जाऊन बसत. लोखंडाच्या किसात चुंबक फिरवावा तसं. तिनं माझ्याकडं टक लावून पाहिलं.

“ए ताई, तू का नाही खात गं?”

“चोळणारीनं शेवटी खायचं असतं, बाई.”

“आणि संपला तर?”

“संपत नाही. आणि आगटीवरून कुणाला उपाशी उठवायचं नसतं. एवढ्या दोन गोष्टी पाळल्यास की तू आमच्या जिल्ह्याची झालीस.”

“कसली भारी आहेस तू!” असं म्हणून तिनं हात पुढं केला. गोरापान तळवा, मधोमध गुळाचा खडा, भोवती मी ओतलेले हिरवे दाणे. मला वाटलं, जमलं. मंदे, इथं जमलं तुझं.

आता कार्यक्रमवाल्यांची अक्कल ऐका. घरी कुणाला पाठवायचं हे ठरवायची पद्धत त्यांनी आगटीलाच बांधली होती. प्रत्येकानं हातात एक कोवळं कणीस घ्यायचं, जो नको असेल त्याचं नाव घ्यायचं आणि कणीस त्याच्या पुढ्यात ठेवायचं. ज्याच्यापुढं जास्त कणसं, तो चालला. हे हुकूम बाभळीला बांधलेल्या कर्ण्यातून यायचे. त्या आवाजाचा धनी आम्ही कधी पाहिला नाही. ‘सर्वांनी आगटीजवळ यावं.’ ‘सर्वांनी शांत बसावं.’ आयुष्यभर मी कर्ण्याच्या मागं राहिलेली बाई, त्या दिवसांत पहिल्यांदा पुढं बसले आणि कळलं, मंडपातल्या लोकांना माझं काय वाटत असेल.

पहिल्या आठवड्याची गंमत तुम्हाला माहीत आहे. सगळ्या जगाला माहीत आहे. माझ्यापुढं एक कणीस आलं, संपत पैलवानाचं. संपत शेवगावाकडचा, मानेपासून खांद्यापर्यंत नुसता उतार, गुडघा दुखावल्यामुळं कुस्ती सुटलेला. लाजत म्हणाला, “ताई, राग मानू नका, पन तुमी लई घोरता ओ. माझी झोप न्हाई व्हत.” बाकीची कणसं एका बिचाऱ्या गायकाच्या पुढ्यात पडली. कर्णा काहीतरी बोलत होता, संगीत वाजत होतं, मी आपली कुठल्याशा लग्नातली गोष्ट रंगवून सांगत होते. आणि पुढ्यात ठेवलेल्या कोवळ्या कणसाचं काय करायचं असतं? आमच्याकडं ते देवालाही विचारत नाहीत. मी माझ्यापुढचं उचललं, आरात खुपसलं. गायकाच्या पुढची उचलली, तीही खुपसली. चोळली, फुंकली, वाटली.

कर्णा एकदम ओरडला, “मंदाताई! ती मतं होती!”

“मग?” मी म्हटलं, “चांगली भरलेली होती की.”

“माझं मत जरा करपलं ओ ताई,” संपत दाणे चावत म्हणाला.

मतमोजणी होण्याआधीच मतदान पोटात गेलं होतं. त्या आठवड्यात कुणीच घरी गेलं नाही. सानिका हसताहसता माझ्या मांडीवर पडली. गायक माझ्या पाया पडला. त्या संध्याकाळी माझी भीती पार धरणापलीकडं गेली होती. ती परत आली, ती टाळ्यांवर बसून.

कार्यक्रमाचे निवेदक आठवड्यातून एकदा चकाकता कोट घालून यायचे. ते आले आणि म्हणाले, “मंदाताई, बाहेर काय चाललंय, कल्पना आहे? पोरंटोरं ‘मत भाजणारी ताई’ म्हणून तुमचा व्हिडिओ एकमेकांना पाठवतायत. तुम्ही महाराष्ट्राच्या लाडक्या झालात!”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी रिंगणावरून नजर फिरवली. टाळ्या ओळखणं हा माझा धंदा आहे. मनापासूनची टाळी ओबडधोबड असते, कुणाची आधी पडते, कुणाची मागं राहते. ही टाळी एका लयीत पडली. एका लयीत थांबली. आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तेच हसू, मडक्यावर चुन्यानं काढल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी हात शेकत होते. सानिकानं चहा गाळला. सगळ्यांना दिला. मग माझ्याकडं वळून, अगदी गोड आवाजात म्हणाली, “अहो ताई, तुम्ही चहा घेणार का?”

थंडी मी पुष्कळ पाहिली आहे. पण त्या ‘अहो’नं माझ्या मणक्यातून जे काही खाली उतरलं, ते पौषातल्या वाऱ्याचं काम नव्हतं.

तुम्ही म्हणाल, मंदाताई, मान दिला तर वाईट काय? तसं बघाल तर ‘अहो’ हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात प्रेमाचा शब्द आहे. लग्न झाल्यापासून ह्यांना मी त्याच नावानं हाक मारतेय. मला तर संशय आहे की त्यांचं खरं नाव मी विसरले असेन. आमच्या घरातल्या ‘अहो’त भांडण आहे, लाड आहे, ‘गॅस संपलाय’ आहे, ‘दवाखान्यात चला’ आहे. तो आतला ‘अहो’. सानिकाचा ‘अहो’ दाराच्या बाहेरचा. कुंपणाच्या तारेसारखा, छान ताणून बांधलेला. काल ‘तू’ होते, आज ‘तुम्ही’ झाले. आदरानं माणसाला बाहेर काढता येतं, हे मला केस पांढरे व्हायला लागल्यावर कळलं. तिनं शिवी दिली असती तर मी चार दिल्या असत्या, आमचं कडाक्याचं भांडण झालं असतं आणि संध्याकाळी आम्ही एका ताटात जेवलो असतो. आदराला काय उत्तर द्यायचं? “हो, घेईन की,” मी म्हटलं. चहा गोडच होता. कप मी तसाच चुलीच्या कडेला ठेवला.

आमच्या जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला गट शिकवावा लागत नाही. दूध डेअरी असो, सोसायटी असो, कारखाना असो, कोण कुणाच्या ओट्यावर चहा प्यालं एवढ्यावरून आम्ही पॅनल ओळखतो. पण आमचे गट उघडे असतात. जीपवर कर्णा लावून सांगतात, की आम्ही तुमच्या विरोधात आहोत. तुम्हीही कर्णा लावता. मग निकाल लागतो, गुलाल पडतो, आणि पडलेला निवडून आलेल्याच्या पोरीच्या लग्नाला जातो. इथला गट आवाज करत नव्हता. तो फक्त सर्वनामं बदलत होता. मी मोजायला लागले. नाष्ट्याला एकजण ‘तुम्ही’ म्हणाला. गोठ्यात आणखी एक. दुपारपर्यंत गायक, जो परवापरवा माझ्या पाया पडला होता, म्हणाला, “तुम्ही आराम करा ना ताई, आम्ही आहोत.” ‘आम्ही’ आहोत! एवढासा शब्द, पण त्यात मी सोडून सगळे मावले होते.

मग त्या दिवसांना शेवटच राहिला नाही. मी खोलीत शिरले की बोलणं थांबायचं, आणि लगेच कुणीतरी थंडीबद्दल बोलायचं. न्हाणीघराच्या रांगेत पुढं जागा मिळायची. “तुम्ही जा ना आधी, ताई.” पुढं गेलं, की मागं हसल्याचा आवाज. वळून पाहिलं तर सगळ्यांचे चेहरे प्रार्थनेला उभे असल्यासारखे. मी विनोद जास्त करायला लागले. भीतीनं केलेला विनोद कसा असतो सांगू? आच मोठी ठेवून तळलेल्या पोह्यांसारखा. वरून फुललेला दिसतो, आतून कच्चा. मग मी विनोद बंद केले. तर निवेदक येऊन म्हणाले, “ताई, तुमचं गप्प राहणंही लोकांना फार आवडतंय.” पुन्हा तीच एका लयीतली टाळी. माझं कौतुक व्हायला लागलं की मला आता पळून जावंसं वाटायचं.

एके दुपारी मचाणावर पाखरं हाकायची पाळी माझी आणि संपतची होती. हातात गोफण, खाली हिरवा समुद्र. बाकीचे लांब होते. मी विचारलं, “संपत, खरं सांग. माझं नाव चाललंय ना?”

“न्हाई ओ ताई.”

“‘ओ’ लांबवलास. म्हणजे चाललंय.”

त्यानं दगड गोफणीत घातला, फिरवला, सोडला. पाखरांचा थवा उठला आणि थोडं पलीकडं जाऊन बसला. “आता काय सांगू? आमच्याकडं एलेक्शनला कसं आस्तं, तसंच हाय हे. येकदा एका जीपमधी बसलो, की उतराया येत न्हाई.”

“तुला मी नकोय का?”

“तसं न्हाई! तुमी माझ्या आक्कावानी. घोरता, त्ये जाऊ द्या. पन ताई, मला भ्या वाटतंय. सकाळी उठलो की म्या आदी सानिकाचं त्वांड बघतो. हसली, की आजचा दिस गेला बगा.”

“एवढा मोठा पैलवान तू!”

“कुस्तीत समोर येकच आस्तो ओ,” संपत म्हणाला. “हितं कोन पाय वढंल, कळतंय व्हय?”

मी गोफण घेतली. थवा बरोबर भरलेल्या कणसांवरच बसला होता. पोचट कणसं आपली ताठ उभी होती, त्यांच्याकडं ना पाखरू बघत होतं ना गोफण. मला त्या पोचट कणसांचा इतका हेवा वाटला, की नेम चुकला.

आणि सानिका? ती सकाळी कुणाचं तोंड बघत असेल? हे मला एका पहाटे दिसलं. आता वाटतं, दिसलं नसतं तर बरं झालं असतं. नुसता राग धरून सुखानं जगले असते. धुकं होतं. मी पाण्याची बादली घेऊन निघाले तर बांधावर, बुजगावण्याच्या अगदी समोर, सानिका उभी. अंगावर घोंगडी, केस पिंजारलेले. त्या मडक्याकडं बघून ती हळू आवाजात विचारत होती, “मी आवडतेय ना? अजून आवडतेय ना?” मग तिनं हसून दाखवलं. तेवढं आवडलं नसावं, म्हणून पुसून पुन्हा हसून दाखवलं. मडकं चुन्याच्या डोळ्यांनी बघत राहिलं. माझ्या बादलीची कडी वाजली आणि ती दचकून वळली. क्षणभर तो चेहरा इतका लहान दिसला, जत्रेत हात सुटलेल्या पोरीसारखा. पुढच्या क्षणी सगळं जागच्या जागी.

“अहो ताई! लवकर उठलात तुम्ही?”

“हो ना,” मी म्हटलं. “थंडी फार आहे.”

आम्ही दोघीही थंडीबद्दल बोललो. वस्तीवर कुणीच कधी खोटं बोललं नाही, सगळे फक्त थंडीबद्दल बोलले.

आता मी एसटीत चढले की एखादी कॉलेजातली पोरगी ओरडते, “मत भाजणारी ताई!” मोबाईल पुढं येतो, मी हसते. कोणत्या बाजूनं हसावं हेही आता मला कळतं, आणि ते कळतं याचीही भीती वाटते. मग हमखास एखादी मावशी कुशीत कोपर मारून विचारते, “त्या भवानीनं तुला काढलं, तिचा राग येत नाही का गं?” ‘गं’ म्हणते. अनोळखी मावशी मला ‘गं’ म्हणते, आणि तेवढ्यानं मला भरून येतं, हे तिला कुठं माहीत असतं?

येतो की राग. तिनं सगळ्यांना माझ्या विरोधात बांधलं हे खरंच आहे. टीव्हीवर तुम्ही पाहिलंत तेही खरं आहे: ढोल वाजतोय, माझे डोळे पडदाभर मोठे करून दाखवतायत, माझ्यापुढं कणसांची रास. पुढं मला वेशीच्या कमानीतून जाताना दाखवलं आणि मागं सनई लावली. लग्नात पाठवणीच्या वेळी लावायला मी सांगते, अगदी तीच. पण मधला थोडा भाग टीव्हीवर आला नाही. सानिकाच्या कॉलरचा माइक तेवढ्यात निसटून खाली पडला होता, आणि जे माइकवर आलं नाही ते घडलंच नाही असा तिथला कायदा होता. हुरड्याच्या दिवसांत आधी भीती येते आणि तिच्या मागून, पार मागून, तो भाग येतो. भीती यावी लागते, त्याशिवाय तो येत नाही. म्हणून तर हा हंगाम मला टाळता येत नाही.

दिवस बुडत होता. वारा पडला होता, ज्वारी गप्प होती. बोलणं झालेलं होतं, आता कुजबुजण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी चोळत होते. गायकानं कणीस ठेवलं. बाकीच्यांनी ठेवलं. मान खाली, नजर आरावर. प्रत्येकजण माझी तारीफ करून मगच ठेवत होता. संपत उठला, दुखरा गुडघा वाकवून बसला आणि दोन्ही हातांनी कणीस माझ्यापुढं ठेवलं, देवापुढं ठेवावं तसं. यावेळी मला एकही मत भाजायचं धैर्य झालं नाही.

सानिका शेवटची. “अहो मंदाताई, तुम्ही खूप छान आहात. तुमच्याकडून आम्हाला खूप शिकायला मिळालं. तुम्ही आम्हाला हसवलंत. तुम्ही सगळ्यांच्या लाडक्या आहात.” आवाज पाठ केल्यासारखा सरळ चालला होता. “पण तुम्हाला आता घरी तुमची माणसं…” आणि कणीस ठेवलं.

कर्णा म्हणाला, “मंदाताई, या वस्तीवरचा तुमचा प्रवास इथं संपतो आहे. कृपया जागेवरून उठावं.”

उठावं! माझाच शब्द. किती मंडपांत किती जणांना मी तो मऊ आवाजात सांगितला असेल. मी आधी हसले. मग हातातल्या दाण्यांकडं पाहिलं. शेवटचं कणीस होतं, नुकतंच चोळून झालेलं, वाफ निघत होती. ते परातीत ओतलं. हात झटकले. मग चप्पल शोधायला लागले आणि चप्पल काही केल्या सापडेना. बुजगावणं मडकं वळवून माझ्याकडं बघत होतं. सगळा महाराष्ट्र माझं चप्पल शोधणं बघणार होता. शेवटी अनवाणीच उभी राहिले, आणि ‘जाते’ म्हणायचं नसतं म्हणून म्हटलं, “बरंय. येते मंडळी.”

पाठ वळवली. एक पाऊल टाकलं. मागं परात लवंडल्याचा आवाज झाला, कुणीतरी धडपडत उठलं, आणि ज्या आवाजानं इतके दिवस मला ‘अहो’खेरीज हाक मारली नव्हती, तोच आवाज रडकुंडीला येऊन, कर्ण्याला न जुमानता, भर रिंगणात ओरडला:

“अगं ए, थांब की! तू अजून खाल्लंच नाहीस!”